तिसऱ्या वेलीपर्यंत पाणी

माझ्या यादीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला.

चंद्रपूरजवळच्या मूल गावी बदली झाली तेव्हा मी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझं काम आरोग्य खात्यातलं. कोणत्या गावात कोणत्या बाळाची कोणती लस राहिली आहे, याचा हिशोब ठेवायचा आणि ती टोचली जाईपर्यंत पाठ सोडायची नाही. असं काम वीसेक वर्षं केलं की माणूस घरातही यादीशिवाय हलत नाही. पडवीतल्या खिळ्याला माझी दिवसाची यादी लटकलेली असायची. संध्याकाळी परत आले की तिच्यात एका तरी ओळीपुढे बारीक, सुबक, छापल्यासारखं प्रश्नचिन्ह असायचं.

पहिल्यांदा मला वाटलं, चुकून. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन थेट पुढच्या खोलीत गेले.

‘‘काका, हे काय आहे?’’

काका आरामखुर्चीत बसून स्वतःच्या पायाची बोटं मोजत असावेत असे बघत होते. ‘‘बाई, तुमच्या यादीत सगळंच पक्कं असते. एखादी गोष्ट तरी असंन ना, जे तुमाले नक्की माईत नाई?’’

‘‘‘आईला फोन करणे’ यात काय नक्की नाही?’’

‘‘तुमी करान, हे नक्की आहे. आई उचलन का?’’

त्या दिवशी आईने खरंच फोन उचलला नाही. ती शेजारी पापड लाटायला गेली होती. पण हे मी काकांना सांगितलं नाही. भाडेकरूने काही गोष्टी स्वतःजवळ ठेवाव्यात.

काका पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. आता हे पद कुठे उरलेलं नाही, म्हणून सांगते. मोजणीवाले शेतात, रानात, तलावांच्या पाळीवर म्हणजे बांधावर फिरून कच्चा नकाशा काढत. तो कार्यालयात आला की ट्रेसर त्यावर पारदर्शक कागद ठेवून काळ्या शाईने पक्का नकाशा उतरवत असे. पुढे जे काही मंजूर व्हायचं ते त्या पक्क्या नकाशावर. काकांचा हात असा होता की त्यांनी काढलेली रेघ सुरू कुठे झाली आणि संपली कुठे हे कळू नये. पण निवृत्तीनंतर या माणसाने कागदाला हात लावला नव्हता. शेजाऱ्याने घराचा साधा आराखडा काढून मागितला, तर म्हणाले, ‘‘कागदाशी आपली सोडचिट्ठी झाली.’’ नातीच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं लिहायला बसवलं तर उठून बाजारात निघून गेले. पेन्सिलीचा एक बोटभर तुकडा तेवढा खिशात असायचा, तो माझ्या यादीपुरता.

कागद नाही, पण मोजणं चालूच. काका जगातली प्रत्येक गोष्ट वितीने मोजत. माझ्या खोलीची एक भिंत दुसरीपेक्षा दोन बोटं बुटकी आहे हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तेव्हापासून मला ती खरोखरच बुटकी दिसायला लागली. भाजीवालीकडे पडवळ विकत घेण्याआधी ते वीत लावत. काकू ओरडत, ‘‘घरी आणून मोजा! बाजारात लोकं पाहून राह्यले!’’

काकूंचं दुसरं गाऱ्हाणं मोठं होतं. त्यांचं माहेर जिवतीच्या डोंगराकडे. घाट, वळणं, एस.टी. बदलत जावं लागतं. आणि काका ‘‘यंदा नाई, पुढच्या वर्षी’’ म्हणत आलेले. पण दर उन्हाळ्यात, तलाव आटले की, काका एका ठिकाणी न चुकता जात. सिंदेवाहीच्या अलीकडे, जंगलातल्या एका गावाच्या तलावात एक जुनी मशीद आहे. तलावाच्या काठावर नाही, तलावात.

‘‘लोकं काशीले जाते, रामेश्वरले जाते,’’ काकू तांदूळ पाखडता पाखडता मला ऐकवत. ‘‘आमचा माणूस दर साल मशिदीले जाते. नमाज येत नाई, उपास धरत नाई. जाते, पाहाते, येते. मले माहेरी नेत नाई.’’

‘‘पाहाले नाई जात मी,’’ काका आतून म्हणत. ‘‘हजेरी लावाले जातो.’’

या वाक्याचा अर्थ तेव्हा आम्हा दोघींनाही लागला नव्हता.

पहिल्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत गेले. प्रवासाची माझी यादी तयार होती: पाणी, ग्लुकोज, टॉर्च, पट्टी, कापूस, पोळ्या, लोणचं, पावती पुस्तक, मोबाईलचा जादा चार्जर, असं बरंच. काकांनी एक छत्री घेतली. माझ्या स्कूटीवर मागे बसून त्यांनी ती उघडली, तेव्हा मी गाडी थांबवून सांगितलं की एक तर छत्री येईल नाहीतर तुम्ही. त्यांनी मुकाट मिटली.

रस्त्यात मोहफुलं वेचणाऱ्या बायका होत्या. त्यांनी आम्हाला जोरजोराने बोलत जायला सांगितलं, कारण दोन दिवसांपूर्वी वाघ त्याच वळणावर दिसला होता. तेव्हा काका जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात लागतील ते मोऱ्या-पूल मोजू लागले. ‘‘सहा! सात! हा सातवा नाई, हा नुसता पाईप आहे!’’ वाघाने ते ऐकलं असेल तर तो नक्की दुसऱ्या तालुक्यात गेला असेल.

पाळीवर चढलो आणि मी यादी, वाघ, पोळ्या सगळं विसरले.

तलावाचं पाणी आटून मध्यावर गेलं होतं. भेगाळलेल्या चिखलावर, चारी बाजूंनी मोकळी, ती उभी होती. तीन कमानी, वर एक घुमट, दगड काळसर तांबूस. मोठी नव्हती. आमच्या उपकेंद्राच्या दोन खोल्यांएवढी. पण तिच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत पाच आडवे पट्टे कोरलेले होते, प्रत्येक पट्टा म्हणजे एक सलग वेल. पानं, कळ्या, पुन्हा पानं. खालच्या तीन वेलींच्या पानांत शिंपले आणि गोगलगायींचे शंख अडकलेले. तिसऱ्या वेलीपर्यंत चहाच्या कपात राहतो तसा गाळाचा डाग, त्याच्या वर स्वच्छ दगड.

मी मोबाईल काढला. काकांनी त्यावर छत्री धरली.

‘‘आधी फोटो नाई. पयला चक्कर मुक्यानं.’’

काकांचे नियम असे. जोडे बाहेर काढायचे, आत कोणी असो-नसो. पहिली फेरी न बोलता मारायची. मग सावलीत बसायचं, आणि सावली एक वीतभर सरकेपर्यंत उठायचं नाही. नंतर काय ते विचारायचं. मी विचारलं, ‘‘कोणी बांधली? कधी?’’

‘‘हे मागून विचारा. आधी इचारा का अजून पडली काऊन नाई.’’

मग त्यांनी मला पायाजवळ वाकायला लावलं. चौथऱ्याच्या चारी बाजूंना मूठभर रुंदीची भोकं होती, ओळीने. पावसाळ्यात तलाव भरतो तेव्हा पाणी या भोकांतून आत शिरतं. आत जेवढं, बाहेर तेवढं. त्यामुळे भिंतीला एका बाजूने धक्का बसत नाही. उतरताना पाणी त्याच वाटेने निघून जातं. मग चार महिने ऊन खात भिंती वाळतात, चुना पुन्हा दगडाला धरतो.

‘‘पाण्याशी भांडली नाई ती,’’ काका म्हणाले. ‘‘दार उघडं ठेवलं. ये म्हणे, बस, मंग जाय.’’

आत पश्चिमेच्या भिंतीत मिहराबीचा कोनाडा होता, नमाजाची दिशा दाखवणारा. जमिनीवरचा गाळ झाडून काढलेला होता. गावात मुसलमानाचं घर आता एकही नाही. पण सिंदेवाहीकडून एक म्हातारे चाचा दर वर्षी जमीन उघडी पडली की सायकलवर येतात, आत झाडतात, एकटेच नमाज पढतात आणि तुळशीरामकडे चहा पिऊन जातात.

हे तुळशीरामनेच सांगितलं. तुळशीराम त्या तलावावरचा ढीवर. मासेमारी त्याच्या घराण्याकडे, आणि तुडूमही त्याच्याकडे. तुडूम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दगडी दार.

‘‘पाणी तिसऱ्या वेलीवर आलं का आमी तुडूम उघडतो जी,’’ तो जाळं झटकत म्हणाला. ‘‘आधी शेवटच्या बांधीले पाणी. मंग मधल्याले. पाळीजवळचे सगळ्याच्या मागून. दुसऱ्या वेलीवर उतरलं का बंद.’’

धानाच्या एकेका तुकड्याला इकडे बांधी म्हणतात. म्हणजे शेकडो बांध्यांचं पाणीवाटप त्या भिंतीवर चाललं होतं. मी वही काढली. ‘‘हे कुठे लिहून ठेवलंय का?’’

काका आणि तुळशीराम दोघांनीही माझ्याकडे दयेने पाहिलं.

‘‘लिवाचं कायले, बाई?’’ तुळशीराम म्हणाला. ‘‘भिंत आहे ना.’’

दुसऱ्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा पाळीवर लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकलेल्या होत्या.

‘‘साहेब लोकं आले होते भाऊ,’’ तुळशीराम काकांना म्हणाला. ‘‘पाळ उंच करून राह्यले. सांडवा बी. पाच फूट.’’

काका छत्री टेकत पाळ उतरले. मशिदीपाशी गेले, तिसऱ्या वेलीवर तळहात ठेवला आणि तिथून वर वीत मोजत गेले. चौथी वेल गेली, पाचवी गेली, त्यांचा हात पुरेना म्हणून त्यांनी छत्री वर धरली. छत्रीचं टोक छताच्या कडेला लागलं.

‘‘पार वरतं जाईन पाणी,’’ ते म्हणाले. ‘‘आन उन्हाळ्यात बी तळाचं पाणी हटणार नाई. वाळनच नाई ती. पाच-दहा सालात चुना सुटन.’’ आणि ते चक्क चिखलावर खाली बसले. त्यांचं धोतर पांढरंशुभ्र असायचं. काकू काय म्हणतील याचीही त्यांना पर्वा नव्हती.

मी मात्र अशा वेळी फार तल्लख होते. वहीत लिहायला घेतलं: कार्यालयात जाणे, नकाशा पाहणे, मशीद आधीच नोंदलेली आहे का बघणे, सरपंचांना भेटणे. काका वर न पाहता म्हणाले, ‘‘नकाशात मशीद नाई.’’

‘‘तुम्हाला कसं माहीत?’’

ते उठले आणि स्कूटीकडे चालू लागले.

तीन दिवसांनी मी कामाच्या फेरीत पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात गेले. तिथली अभियंता एक तरुण मुलगी होती, शांत, कामसू. तिने मला जुना नकाशा दाखवला. तलावाची पाळ, सांडवा, तुडूम, सगळं नीट. आणि पाण्याच्या मधोमध एक लांबट गोल, त्यात झाडांच्या खुणा, खाली अक्षरं: ‘बेट’.

‘‘तिथे एक छोटं बेट आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ते बुडेल. त्याने काही बिघडत नाही.’’

‘‘तिथे मशीद आहे,’’ मी म्हणाले.

ती गोंधळून नकाशाकडे बघत राहिली. मी उजव्या कोपऱ्यातला चौकोन वाचत होते. मोजणारा, तपासणारा, ट्रेसर. नाव वाचायची गरजच नव्हती. त्या ‘बेट’मधल्या ‘ट’चं वळण मी रोज संध्याकाळी माझ्या यादीवरच्या प्रश्नचिन्हात पाहत होते.

त्या संध्याकाळी पडवीत काकू तांदळातले खडे वेचत होत्या. मी काकांसमोर खुर्ची घेतली आणि म्हणाले, ‘‘काका, नकाशात बेट आहे.’’

त्यांनी खिशातला पेन्सिलीचा तुकडा काढून खुर्चीच्या हातावर ठेवला. मग बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

नोकरीची पहिली-दुसरी वर्षं. भादव्यातली मोजणी. त्या साली पूर आला होता, तलाव पाळीला टेकला होता. मोजणीवाले काठावरून पाहत होते, पाण्यात डोंगा घालायची कोणाची छाती झाली नाही. मध्यभागी हिरवट काहीतरी वर आलेलं, त्यावर बगळे बसलेले. घुमटावर तेव्हा गवत माजलं होतं. मोजणीवाल्याने कच्च्या नकाशात एक गोल काढला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केलं. उन्हाळ्यात जाऊन बघू, असा त्याचा अर्थ.

‘‘तो कागद माह्यापाशी आला,’’ काका म्हणाले. ‘‘मले लय गुर्मी होती बाई हाताची. साफ नकाशा म्हंजे मी. त्या प्रश्नचिन्हानं सारा कागद घाण दिसे. मी ते गाळलं. गोलात दोन झाडं काढली, बेट लिवलं. लय सुंदर दिसलं.’’

काकूंचे हात थांबले होते.

‘‘पुढच्या उन्हाळ्यात तिकडे गेलो. पाहातो त इतली मोठी मशीद. उभी. माह्याकडे पाहून राह्यली. साहेबाले सांगतलं. साहेब म्हणे, मंजूर झालेला कागद आहे, कोणाले फरक पडते? मी बी गप बसलो. मंग दर साल जात गेलो. पडली त नाई, बुडाली त नाई, पाहाले.’’

‘‘आन मी समजत होती याले फिराचा नाद आहे,’’ काकू हळूच म्हणाल्या.

मी लगेच कामाला लागले, कारण त्या शांततेत मला बसवेना. ‘‘काका, एक नवा नकाशा लागेल. सगळी मापं, वेली, भोकं, सांडव्याची पातळी. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही काढायचा.’’

‘‘माह्या हातचा एक नकाशा पुरे झाला.’’

‘‘मग कोण काढणार?’’

‘‘कोणी बी काढन. मी नाई.’’

मी पटवायचे सगळे मुद्दे संपवले. तोवर काकू उठून आत गेल्या होत्या. आतून ढोली सरकवल्याचा आवाज आला. धान साठवायच्या त्या ढोलीमागून त्या एक चपटी लाकडी पेटी घेऊन आल्या आणि काकांच्या मांडीवर ठेवली. मखमलीच्या खाचांमध्ये कर्कटक, रेघा मारायचे पेन, छोटी पितळी मापं.

‘‘भंगारवाल्याले देऊन राह्यले होते तुमी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी त्याले डब्बे देले, आन हे झाकून ठेवलं. काढा आता. का हे बी पुढच्या वर्षी?’’

काका पेटीकडे बघत राहिले. मग त्यांनी तिची लांबी वीत लावून मोजली, जणू ती खरी आहे का याची खात्री करत होते.

चार रविवार आम्ही तिथे होतो. मी चंद्रपूरहून पारदर्शक कागद आणला, मूलच्या स्टेशनरीतून शाई. तुळशीरामने बांबूवर खुणा करून दिल्या आणि तोच बांबू धरून उभा राहायचा. मी टेप लावायची आणि माप मोठ्याने म्हणायची. काका दर वेळी स्वतःची वीत लावून बघायचे आणि टेपला मान्यता द्यायचे. ‘‘बराबर आहे. लिवा.’’ आयुष्यात प्रथमच कोणी मला लिहा म्हणत होतं.

तिसऱ्या रविवारी उत्तरेच्या बाजूला गाळाखाली पायरी लागली. मग दुसरी. तुळशीराम फावड्याने हलकेच उकरत गेला, सात पायऱ्या निघाल्या. नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हातपाय धुवायला, पाण्यात उतरायच्या असाव्यात. पुढे गाळ घट्ट होता. तुळशीरामने बांबू खुपसला.

‘‘लागते जी खाली. दगड आहे. आठवी आहे, नववी बी असंन.’’

‘‘तुले दिसते का?’’

‘‘बांबूले लागते ना भाऊ.’’

‘‘बांबूले लागते ते मले दिसत नाई,’’ काका म्हणाले. घरी येऊन त्यांनी नकाशावर सात पायऱ्या काढल्या, आणि जिथे सातवी संपली तिथे, काळ्या शाईत, एक सुबक प्रश्नचिन्ह.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीत भरली. अभियंता मुलगीही जुना नकाशा घेऊन आली होती. मी धरून चालले होते की सगळं गाव मशिदीच्या बाजूने असेल. पण शेवटच्या बांधीवाल्या एक बाई उठल्या, डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, ‘‘मशीद राहावं, मले बी वाटते. लहानपणापासून पाहून राह्यली मी तिले. पण दोन साल झाले, पयला नंबर आमचा असून बी माह्या बांधीत पाणी पोचत नाई. धानाचे पऱ्हे वाळून राह्यले. पाणी वाढलं नाई त मी काय भिंत खाऊ का?’’

त्यांचं खरं होतं. माझ्या वहीत यासाठी एकही मुद्दा नव्हता.

काका उठले. छत्री त्यांनी माझ्याकडे दिली. आधी त्यांनी जुना नकाशा वर धरला.

‘‘हा मी काढला. बेट लिवलेलं मी. ते खोटं आहे. मोजणारानं प्रश्नचिन्ह केलं होतं, म्या ते गाळलं. म्हून या साहेबबाईले मशीद दिसली नाई. त्यायची चूक नाई, माही आहे.’’ मग त्यांनी नवा नकाशा पसरला. ‘‘हा बी मीच काढला. पाहा. तिसऱ्या वेलीपासून तळ कितीक खोल होता आन आता गाळानं कितीक वर आला, इथी लिवलं आहे. पाळ उंच केली त पाणी वाढते. गाळ काढला त बी वाढते. बाईच्या बांधीले दोन्हीनं पाणी येईन. पण एकानं मशीद जाईन.’’

अभियंता मुलगी नकाशावर वाकली होती. तिचं बोट पायऱ्यांवर थांबलं. ‘‘हे प्रश्नचिन्ह कशाचं?’’

‘‘तिथी मले माईत नाई,’’ काका म्हणाले. ‘‘पायऱ्या खाली जाते असं वाटते. पाहाल्या नाई. तिथी मशीन लावू नका.’’

पुढे तिने मला सांगितलं की तोपर्यंत तिला नकाशा चांगला वाटत होता. त्या उत्तरानंतर खरा वाटला.

दुसऱ्या सकाळी ती स्वतः तलावावर आली. काकांनी तिला बूट काढायला लावले आणि पहिली फेरी मुक्याने मारायला लावली. सावली वीतभर सरकेपर्यंत तिला बसवलंही. उठल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘काका, ही भोकं मुद्दाम ठेवलीत?’’ काकांनी माझ्याकडे वळून असा चेहरा केला, जणू मी वर्षभर नापास होत होते आणि ही पहिल्याच दिवशी पास झाली.

कागदोपत्री जायला वेळ लागला, लागतोच. शेवटी सांडवा होता तिथेच ठेवायचं ठरलं. गाळ काढायचा, पाळीच्या बाजूने आणि मशिदीपासून लांब. आणि तो गाळ आधी शेवटच्या बांध्यांत टाकायचा. पदरवाल्या बाईंनी तो पसरून झाल्यावर काकांना निरोप पाठवला, पिकाचं पाहू, पण माती बरी आहे.

मी नंतर गडचिरोलीला बदलून गेले. माझ्या पडवीत आता खिळा नाही, यादी मोबाईलमध्ये असते. पण भादव्यात पाणी तिसऱ्या वेलीला लागलं की तुळशीराम काकांना फोन करतो आणि काका मला. ‘‘आलं,’’ एवढंच म्हणतात. मी तारीख लिहून ठेवते. आता भिंतीच्या जोडीला माझी वहीही आहे.

पण मला सर्वांत जास्त आठवते ती नकाशा काढला त्याच वर्षातली पावसाळ्यातली दुपार, मूलच्या घरातली. कार्यालयात नवा नकाशा संगणकावर उतरवायचं काम चालू होतं. काकांचा फोन वाजला. ऐकायला कमी यायला लागलं होतं म्हणून त्यांनी आवाज मोठा ठेवलेला, आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं. एक तरुण मुलगा होता, अदबीने बोलणारा.

‘‘काका, मी तुमचाच नकाशा उतरवून राह्यलो. एकदम भारी आहे जी. फक्त पायऱ्यापाशी ते प्रश्नचिन्ह आहे ना, ते जरा कसंतरी दिसते. काढून टाकू का? साफ दिसन.’’

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. ‘‘नाई बेटा,’’ ते म्हणाले. ‘‘राहू दे. घाण दिसलं त दिसू दे.’’

‘‘बरं जी.’’

फोन ठेवून ते पायरीवर जाऊन बसले. पागोळ्या गळत होत्या. मग मागे न वळता म्हणाले, ‘‘यंदा पाऊस उघडला का जिवतीले जाऊ. तुह्या माहेरी.’’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पाठीकडे.

‘‘काऊन? तिथी बी मशीद आहे का?’’

‘‘मले का माईत?’’ काका म्हणाले. ‘‘पाहा लागन.’’